सव्विसाव्या गुणसूत्रावरचा पहारा

नॉर्वे आणि स्कॉटलंडमधील अटलांटिक सामनच्या शेतीला अनेक दशके छळणाऱ्या आयपीएन, म्हणजे संसर्गजन्य स्वादुपिंडनाश, या रोगाचा विषाणू १९६० मध्येच, माशांच्या इतर सर्व विषाणूंच्या आधी, प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनात वेगळा करण्यात आला होता. त्याला खरी वेसण घालणारा उपाय मात्र जवळजवळ अर्ध्या शतकाने, माशाच्या सव्विसाव्या गुणसूत्रावर सापडला.

विषाणूची चाहूल लागताच माशाची पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारे प्रथिन स्रवते आणि त्यामुळे आसपासच्या पेशींत विषाणूच्या वाढीला अटकाव करणारी एमएक्ससारखी प्रथिने तयार होतात. परंतु या विषाणूची काही प्रथिने तो इशाराच दाबून टाकतात. प्रतिपिंडे थंड पाण्यातील माशात सावकाश तयार होतात, आणि रोग तर नुकतीच खाऊ लागलेली पिल्ले गाठतो, ज्यांची प्रतिपिंडनिर्मिती अपुरी असते व ज्यांना लस टोचण्याइतका आकारही आलेला नसतो. वाचलेले मासे पुढे विषाणू बाळगत राहतात आणि गोड्या पाण्यातून समुद्रात हलवल्यावर रोग पुन्हा उसळतो.

निवड-प्रजननाकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकाच आईबापांच्या पिल्लांपैकी काहींना मुद्दाम विषाणूची बाधा करायची, कोणत्या कुटुंबातील किती जगतात हे मोजायचे आणि बाधेपासून दूर ठेवलेल्या त्यांच्या भावंडांतून पुढची जनक-पिढी निवडायची, अशी ही काहीशी निर्दय पण अचूक रीत आहे. तिच्यातूनच २००८ मध्ये स्कॉटलंडमधील रॉसलिन इन्स्टिट्यूटच्या आणि २००९ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांना स्वतंत्रपणे सव्विसाव्या गुणसूत्रावरची एकच जागा सापडली, जी प्रतिकारशक्तीतील आनुवंशिक फरकाचा बहुतांश भाग एकटीच ठरवते. रोगप्रतिकार सहसा शेकडो जनुकांत विखुरलेला असताना ही सरळता थक्क करणारी होती. आता पराच्या तुकड्यातील डीएनए तपासून जनक निवडता येऊ लागले, प्रतिकारक्षम अंडी बाजारात आली, आणि नॉर्वेत २००९ मध्ये दोनशेहून अधिक ठिकाणी आढळलेला रोग २०१८ पर्यंत विसाच्या आसपास ठिकाणांवर उतरला. त्या यशात स्वच्छतेचाही वाटा आहे, हे प्रजननकर्ते क्वचितच सांगतात.

त्या जागेवर नेमके काय घडते, हा प्रश्न अधिक चिवट ठरला. २०१५ मध्ये नॉर्वेतील गटाने ई-कॅडहेरिन या, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या, प्रथिनाकडे बोट दाखवले: विषाणू त्याला चिकटतो, आणि प्रतिकारक्षम माशाच्या यकृतपेशींत त्याला शिरताच येत नाही. या अर्थाने तेथे प्रतिकारयंत्रणेला लढावेच लागत नाही, कारण विषाणूला दारच उघडत नाही. २०२१ मध्ये मात्र रॉसलिनच्या गटाने त्याच भागातील एनएई१ हे जनुक सामनच्या पेशींतून काढून टाकले, तेव्हा विषाणूची वाढ लक्षणीय घटली. एनएई१ हे पेशीतील इतर प्रथिनांवर खूण जोडणारी यंत्रणा कार्यान्वित करते, म्हणजेच हा अडथळा पेशीच्या आतला असू शकतो. शेजारची जनुके बहुधा एकत्रच वारशाने उतरत असल्याने डीएनएतील खुणेवरून मासे निवडणाऱ्याला हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागली नाही. परंतु नॉर्वेत प्रतिकारक्षम अंड्यांतून वाढवलेल्या माशांतही नव्या विषाणूप्रकारांमुळे रोग आढळू लागल्यावर हे अज्ञान महाग पडू लागले आहे, कारण विषाणूने प्रवेशाची नवी वाट शोधली की आतला अडथळा ओलांडला, यावर प्रजननात यापुढे कोणती जनुके जोडीला घ्यायची हे अवलंबून आहे, आणि जुन्या विषाणूप्रकारावर घेतलेल्या चाचण्या त्याचे उत्तर देऊ शकत नाहीत.