क्रोटनची छाटणी : घाई नको, वेळ साधा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर घरांच्या अंगणात, कुंपणालगत रंगीबेरंगी पानांचे क्रोटन हमखास आढळते. इंडोनेशिया, मलेशिया व पॅसिफिक बेटांकडील हे एरंडाच्या कुळातील झुडूप कोकणच्या दमट हवेत चांगलेच रुजले आहे. मात्र वेळेवर छाटणी न झाल्यास ते खालून उघडे पडते आणि पाने केवळ शेंड्याला उरतात.

छाटणीसाठी थंडी ओसरल्यानंतरचा, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चचा काळ उत्तम. त्यानंतर नियमित पाणी दिल्यास पावसाळ्यापूर्वी नवी फूट येते. ऐन पावसात छाटल्यास काप लवकर सुकत नाहीत व बुरशीचा धोका वाढतो. स्वच्छ, धारदार कात्रीने पेराच्या किंचित वर काप घ्यावा. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. चिकामुळे त्वचेची आग होऊ शकते. त्यामुळे हातमोजे वापरावेत.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. अशा वादळातील खाऱ्या वाऱ्याने पाने करपून गळतात आणि झुडूप मेल्यासारखे दिसते. तरीही ते लगेच उपटू नये. मोडलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात आणि उरलेल्या झुडपावरील मीठ गोड्या पाण्याने धुवावे. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा थर दिसल्यास फांदी जिवंत आहे, असे समजावे. नवे कोंब फुटल्यानंतरच सुकलेला भाग छाटावा.