जनावराचं उदाहरण कुठून आलं?

लेखमाला : दूरचे लढे, जवळची माणसं — भाग 9

मागच्या भागात आपण सॅन फ्रान्सिस्कोचे नगरसेवक हार्वे मिल्क यांच्यापाशी थांबलो होतो. तो अंक निघाला त्याच संध्याकाळी मूल शहरातल्या एका वाचकाचा फोन आला. "सर, अमेरिकेचं बराबर सांगून राहिले तुमी. पण आपल्या इकडचं कधी लिहिनार?" प्रश्न रास्त होता. समलिंगी माणसांचा तिरस्कार राजकारणात कसा वापरला जातो हे बघायला वॉशिंग्टनपर्यंत जायची गरज नाही. आपल्या मतदारसंघापासून सुरुवात करता येते. म्हणून हा भाग आपल्या इकडचा.

28 डिसेंबर 2021. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. हे अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं, पण त्या वर्षी मुंबईत भरलं होतं. सभागृहासमोर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं. भांडण मुख्यतः कुलगुरू नेमण्याच्या अधिकारावरून होतं: राज्यपालांचा अधिकार आवळायचा आणि मंत्र्यांना प्र-कुलपती करायचं, असा तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारचा बेत होता. विरोधी पक्षाने त्यावर रान उठवलं. तो त्यांचा हक्कच होता आणि त्यांच्या आक्षेपात तथ्यही होतं, असं मला वाटतं. पण त्याच विधेयकात आणखी एक छोटी तरतूद होती. विद्यापीठाच्या समान संधी मंडळावर एलजीबीटी समाजातल्या व्यक्तींनाही प्रतिनिधित्व द्यावं, अशी. म्हणजे ज्या मंडळाने अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, अपंग अशा विद्यार्थ्यांच्या अडचणी बघायच्या, तिथे आणखी एका समाजाला खुर्ची.

या तरतुदीवर भाजपचे सुधीर मुनगंटीवार बोलायला उभे राहिले. मूल शहर ज्या बल्लारपूर विधानसभा मतदारसंघात येतं, तिथून 2009 पासून ते निवडून येतात. राज्याचे अर्थमंत्री आणि वनमंत्री म्हणून त्यांनी पाच वर्षं काम केलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात त्यांनी उभ्या केलेल्या वास्तू दिसतात, त्या कुणी नाकारू नये. सभागृहातल्या उत्तम वक्त्यांत त्यांची गणना होते. त्या दिवशी त्यांनी विचारलं ते साधारण असं : आता समलिंगी स्त्री-पुरुषांना विद्यापीठावर सदस्य नेमणार का? द्विलैंगिक कोण, अलैंगिक कोण, याची व्याख्या कोण करणार? आणि मग बोलण्याच्या ओघात माणसाच्या जनावराशी असलेल्या संबंधाचं उदाहरण आलं. दुसऱ्या दिवशी राज्यभरातून टीका झाली. विधेयक मात्र मंजूर झालं.

व्याख्येचा प्रश्न विचारणं गैर नाही. कायदा करताना शब्द नेमके असावेत, हे कुठलाही आमदार म्हणू शकतो. मला छळतं ते जनावराचं उदाहरण. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वावर चर्चा चालू असताना एकदम जनावर कुठून आलं?

ते आलं 1860 सालातून. भारतीय दंड संहितेचं कलम 377 नुसतं वाचलं तरी कळतं. निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध असा गुन्हा सांगून त्या कलमाने एकाच ओळीत तीन नावं मांडली : पुरुष, स्त्री आणि जनावर. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दोन माणसांनी राजीखुशीने एकमेकांवर प्रेम करणं आणि मुक्या प्राण्यावर अत्याचार करणं, कायद्याला या दोन्हींत फरक दिसला नाही. संहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये तयार केला आणि कायदा 1 जानेवारी 1862 पासून लागू झाला. आपल्या भागाचा हिशेब लावून बघा. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले, वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि त्यासोबत आपला चांदा (चंद्रपूर) जिल्हाही त्यांच्या हाती गेला. आठ-नऊ वर्षांत हा कायदा चांद्याच्या कचेरीत पोचला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजांची नीती होती ती. आज तिला 'आपली संस्कृती' म्हणून मिरवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हे उदाहरण एकट्या चंद्रपूरच्या नेत्याचं नाही. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याचे सिनेटर रिक सँटोरम यांनी एका वृत्तसंस्थेला मुलाखत दिली. टेक्सास राज्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा होता आणि त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. विवाहाची व्याख्या सांगताना सँटोरम यांनी समलिंगी संबंधांच्या पंगतीत लहान मुलं आणि कुत्रा आणून बसवला. मुलाखत घेणारी पत्रकारही गडबडून गेली. दोन महिन्यांनी, 26 जूनला, न्यायालयाने टेक्सासचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. पुढे बरोबर बारा वर्षांनी, 26 जून 2015 रोजी, त्याच न्यायालयाने साऱ्या देशात समलिंगी विवाहाला मान्यता दिली. 26 जून ही आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांची जयंती. योगायोगच, पण मी दर वर्षी त्या दिवशी दोन्ही गोष्टी आठवतो.

अमेरिकेतला सिनेटर आणि महाराष्ट्रातला आमदार, दोघांनी एकमेकांचं भाषण ऐकलं असण्याचं काही कारण नाही. तरी उदाहरण तेच, कारण त्याचं काम तेच. समोरच्याला माणसांतून उठवलं की त्याच्या हक्कांवर बोलावंच लागत नाही. जनावराचं नाव निघालं की ऐकणारा किळसतो, आणि किळस आली की विचार थांबतो. आपल्या महाराष्ट्राने हे पूर्वीही पाहिलं आहे. गुरंढोरं ज्या तळ्याचं पाणी पीत, तिथे माणसांना पाणी पिऊ दिलं जात नव्हतं. 1927 चा महाडचा सत्याग्रह त्यासाठीच झाला.

दुसरी गोष्ट खुर्चीची. माणूस घराच्या चार भिंतींत काय करतो यावर राजकारणी फार बोलतात, पण खरा झगडा बहुतेक वेळा खुर्चीवरून असतो. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात जॉन ब्रिग्ज नावाच्या आमदाराने समलिंगी व्यक्तींना सरकारी शाळांत शिक्षक म्हणून राहू देऊ नये, असा प्रस्ताव थेट जनतेच्या मतदानाला ठेवला. सुरुवातीला वारं ब्रिग्जच्या बाजूने होतं. मागच्या भागात आपण ज्यांना भेटलो ते हार्वे मिल्क, नगरसेवक होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, राज्यभर फिरून ब्रिग्जशी जाहीर वादविवाद करत होते. समलिंगी लोकांना त्यांचं एकच सांगणं होतं : घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, जिथे नोकरी करता तिथे सांगा. लोक एखाद्याला नावाने ओळखत असले की त्याच्या विरुद्ध मत देताना हात अडखळतो. रोनाल्ड रेगन यांच्यासारख्या कट्टर उजव्या नेत्यानेही त्या प्रस्तावाला विरोध केला. 7 नोव्हेंबरला मतदान झालं आणि अठ्ठावन्न टक्के लोकांनी प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर विसाव्या दिवशी मिल्क यांची नगरपालिकेच्या इमारतीत गोळ्या घालून हत्या झाली. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचीही. मारणारा त्यांचाच माजी सहकारी नगरसेवक होता.

कॅलिफोर्नियात शिक्षकाची खुर्ची, मुंबईत विद्यापीठाच्या मंडळावरची खुर्ची. आपल्यासाठी ते विद्यापीठ म्हणजे गडचिरोलीचं गोंडवाना. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालयं 2011 पासून त्याला जोडलेली आहेत, मूलची पोरंही तिथलीच पदवी घेतात. ती तरतूद टिकली असती (ती टिकली नाही, ते पुढे सांगतो) तर गोंडवानाच्या मंडळावरही अशा एका व्यक्तीला बसता आलं असतं.

मराठीत हा विषय कुणी काढलाच नव्हता, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकिकत. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत. वाचक लैंगिक शंका विचारत, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे न लाजता उत्तरं देत. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचं वकीलपत्र घ्यायला पुढे आले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, वाचकांना शास्त्रशुद्ध उत्तर मिळायला हवं, अशी त्यांची बाजू होती. समलिंगी संबंधांबद्दल सांगताना त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाच्या ग्रंथाचा आधार घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी, गोलमेज परिषदा आणि पुणे करार आटोपून आलेला, लाखो लोकांच्या भवितव्याचं ओझं डोक्यावर असलेला माणूस या खटल्यात उभा राहिला. याच बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला येऊन धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत मूलहूनही माणसं दीक्षाभूमीवर जातात. त्यांच्यातल्या किती जणांना हा खटला ठाऊक असेल?

कुणी म्हणेल, तुम्ही एकाच पक्षावर बोट ठेवता. तसं नाही. 377 कलम स्वातंत्र्यानंतर एकाहत्तर वर्षं जसंच्या तसं राहिलं आणि त्यातला बराच काळ दिल्लीत काँग्रेसचं राज्य होतं. डिसेंबर 2015 मध्ये शशी थरूर यांनी ते कलम बदलण्याचं खाजगी विधेयक लोकसभेत मांडायची परवानगी मागितली. मांडूच नका म्हणणारे 71, मांडू द्या म्हणणारे 24. पाचशेहून अधिक खासदारांच्या सभागृहात मत द्यायला जेमतेम शंभर जण. बाकीचे नेमके त्या वेळी नव्हते. संसदेने टाळलं ते अखेर सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी केलं. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं आणि जनावरांवरचा अत्याचार मात्र गुन्हाच ठेवला. मेकॉलेने एका ओळीत बांधलेल्या गोष्टी पाच न्यायमूर्तींनी सोडवून वेगळ्या केल्या. त्या पाचांत अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड ही दोन मराठी नावं होती. हा निकाल लागून तीन वर्षं उलटल्यावर विधानसभेत ती गाठ पुन्हा बांधली गेली, हे माझं खरं दुखणं आहे.

राजकारणात चांगलंही घडलं. ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने एलजीबीटी समाजासाठी पक्षात स्वतंत्र विभाग सुरू केला, देशात असा पहिलाच. त्याही आधी, 2017 मध्ये, सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं, आणि तेही भाजपच्या पाठिंब्यावर. तृतीयपंथी असणं आणि समलिंगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या भागात सविस्तर येईल. पण तरंगफळ काही मुंबई-पुणे नाही. आपल्या मूलपेक्षा किती तरी लहान गाव. तिथल्या लोकांनी रोज डोळ्यांसमोर वावरणारा माणूस ओळखला आणि त्याच्या नावापुढचं बटण दाबलं. मिल्क यांनी सांगितलं होतं ते हेच.

मूलमध्ये असा माणूस आपल्याला दिसत नाही. मूल हे राजकारण जाणणारं गाव आहे. फडणवीस घराण्याचं मूळ इथलं, चौकातल्या चहाच्या टपरीवरही विधानसभेची गणितं मांडली जातात. पण या विषयावर कुणी ब्र काढत नाही. मी इथे एका शाळेत बरीच वर्षं शिकवलं. एक मुलगा होता. अक्षर सुरेख, गणितात पहिला. मुलं त्याला 'बायल्या' म्हणत, त्याची चाल करून दाखवत. मी ऐकत होतो. तास घेत होतो, फळ्यावर लिहीत होतो आणि पाठीमागे चाललेलं ऐकत होतो. एकदाही वळून मुलांना दटावलं नाही. दहावी झाल्यावर तो मूल-मारोडा स्टेशनवरून गाडीत बसला तो परत आला नाही. तो समलिंगी होता की नव्हता, हे मला माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. वर्गाचं रक्षण करणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. विधानसभेतलं ते भाषण मी वाचलं तेव्हा मला आमदारांच्या आधी माझाच वर्ग आठवला.

त्या विधेयकाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. राज्यपालांची सही त्यावर झाली नाही. 2022 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते विधेयक मागे घेतलं. वाद कुलगुरूंच्या नेमणुकीचा होता, पण त्यासोबत समान संधी मंडळावरची ती खुर्चीही गेली. तिच्यासाठी ना सत्ताधारी भांडले, ना विरोधक.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार, कुठल्याही पक्षाचा असो, तुमच्या दारात येईल. रस्ता, पाणी, धानाचा भाव विचाराच. त्यासोबत एवढंही विचारा : गोंडवाना विद्यापीठातल्या त्या खुर्चीचं तुम्ही काय करणार? आणि घरातलं, वर्गातलं, गल्लीतलं एखादं पोर मान खाली घालून चालताना दिसलं, तर त्याच्यामागे हसणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा. मी थांबवलं नव्हतं.