पाय भरतात ते उतरताना

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईकडे गर्दी लोटते आणि सोमवार-मंगळवारी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारी मंडळी दिसू लागतात. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘मांड्यांत लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय.’ जिममध्ये, ट्रेकच्या बसमध्ये, सगळीकडे हेच ऐकू येतं. पण ते खरं नाही.

लॅक्टिक अ‍ॅसिड शरीरात लॅक्टेटच्या रूपात असतं. हे लॅक्टेट वाढतं ते धाप लागेल असे कष्ट करताना, म्हणजे मुख्यतः चढताना. विश्रांती घेतल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. तो कचराही नव्हे; हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. पाय मात्र दुसऱ्या दिवशी धरतात आणि दुखणं 24 ते 72 तासांत सर्वाधिक होतं. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना ट्रेडमिलवर सपाटीला 45 मिनिटं पळवलं, काहींना 10 टक्के उतारावर. सपाटीवाल्यांचं लॅक्टेट वाढलं, पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावाल्यांचं वाढलं नाही आणि दुखले ते त्यांचेच.

उतरताना होतं काय, ते एका पायरीवर पाहा. पुढचा पाय खाली टेकेपर्यंत सगळं वजन मागच्या पायावर असतं. त्याचा गुडघा वाकत जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच लांबत जातो. विहिरीत घागर सोडताना दोर घट्ट धरून हळूहळू सरकवावा, तसं हे काम. असं काम स्नायू कमी तंतूंवर भागवतो, म्हणून प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. काही तंतूंची सूक्ष्म रचना विस्कटते, मागाहून दाह होतो आणि दुखू लागतं. स्नायूच्या आत अशी इजा होत असावी, हे थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच सुचवलं होतं.

कमी तंतू कामाला लागतात, म्हणून दमही कमी लागतो. ‘उतरताना दम लागत नाही, म्हणजे पायांना आराम’ हा समज यातूनच येतो. 1952 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने ते नुसतं रोखायचं. रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लहानखुरी तरुणी धडधाकट तरुणाला सहज दमवू शकली. म्हणजे दम आणि स्नायूवरचा ताण ही दोन वेगळी मापं आहेत. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

आधी किंवा नंतर स्ट्रेचिंग केलं की पाय दुखत नाहीत, हेही अभ्यासांत टिकलेलं नाही. फरक पडतो तो नगण्य. उपयोग होतो तो उतरण्याच्या सरावाचा. एकदा थोडं उतरून झालं की पुढचे काही आठवडे तेच स्नायू बरेच कमी दुखतात. ट्रेकच्या आधी एक-दोन आठवडे इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. हा सल्ला उलटा वाटेल, पण स्नायूला हवी ती सवय यानेच लागते.

हे दुखणं चार-पाच दिवसांत आपोआप ओसरतं. पण वेदना असह्य असेल, पाय सुजले असतील किंवा लघवी कोलासारखी गडद होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करू शकतात.