चेन घरी, इंजेक्शन गॅरेजात

येवल्याहून मनमाड, कोपरगाव किंवा वैजापूरकडे रोज मोटारसायकलने जाणाऱ्याने निदान चेन तरी स्वतः सांभाळावी. शेतरस्त्याची धूळ चेनवरच्या तेलात मिसळली की चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही झिजतात. ही झीज सर्व्हिसिंगच्या तारखेसाठी थांबत नाही. मिस्त्री थोड्या पैशांत हेच करून देतो, हा आक्षेप खराच. पण गाडी त्याच्याकडे जाते महिन्या-दोन महिन्यांनी. साध्या 100 सीसी गाड्यांत चेनला साधारण 2 ते 3 सेंटिमीटर ढील लागते (अंतिम आकडा गाडीच्या पुस्तिकेतला). ‘जितकी घट्ट तितकी चांगली’ हा कट्ट्यावरचा सल्ला मात्र सरळ चुकीचा, कारण अतिताणलेली चेन बेअरिंग खाते. घरच्या दुरुस्तीला मर्यादाही आहे: 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नसून फ्युएल इंजेक्शन असते. इंजेक्शनच्या कामासाठी पाना-पेचकस बाजूला ठेवून गॅरेज गाठावे.