तुळजापूरचा साहेब आणि अमीर अलीचा जबाब

हातातला तपास अर्धवट सुटला, की त्याची कादंबरी होते. निदान एका कादंबरीचे तरी तसे झाले, आणि तिची नाळ आपल्या तुळजापुरात पुरलेली आहे.

फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. पोरवयातच मुंबईच्या एका पेढीवर नोकरीला आला; तिथे जमले नाही, म्हणून निजामाच्या फौजेत शिरला. विशीच्या आसपास निजामी मुलखाच्या नैऋत्य भागातल्या पोलिसांचे काम त्याच्याकडे आले आणि त्याने तुळजापूरला ठाणे केले. रस्त्याच्या कडेला गळा आवळलेली प्रेते सापडत. कोणाची, कोणी मारली, काही कळत नसे. टेलर चौकशीला लागला, तोच त्याला पलटणीत परत बोलावले गेले. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या या ठगांचा छडा लावल्याचे श्रेय पुढे इंग्रज अधिकारी स्लीमनला मिळाले. ती संधी आपलीच होती, ही चुटपुट टेलरच्या आत्मचरित्रात स्पष्ट दिसते.

नंतर ठगांचे जबाब नोंदवायचे काम त्याच्याकडे आले. दिवसचे दिवस तो खुनांच्या हकिकती लिहून घेत होता. ऐकून ऐकून त्या एकसुरी झाल्या, तरी त्याला सुटेनात. मला वाटते, खरी ठिणगी पडली ती हिंगोलीच्या हरिसिंगामुळे. हा छावणीतला प्रतिष्ठित कापडव्यापारी. टेलरनेही त्याच्याशी देवघेव केलेली. मुंबईहून माल आणायचा परवाना त्याने मुलकी अधिकाऱ्याकडूनच घेतला, मालाच्या मालकाला माणसांसकट वाटेत मारले आणि तेच कापड छावणीत राजरोस विकले. पकडल्यावर हे त्याने मोठी गंमत म्हणून सांगितले. छावणीलगतची प्रेते उकरली तेव्हा टेलर तिथे हजर होता. राक्षस कुठे तरी रानात राहतो, ही समजूत तिथे संपली.

यातूनच लिहिलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला निघाली. ७१९ खून केल्याचे सांगणारा अमीर अली स्वतःच बोलतो, मधूनमधून साहेब ऐकतो. कोणी मारले हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. वाचक अडकतो तो या गोडबोल्या माणसाला झोप कशी लागते या कोड्यात. शिक्षेत सूट मिळवायची तर माफीच्या साक्षीदाराला बोलावेच लागे. त्यामुळे जबाबात खरे किती आणि साहेबाला आवडेल ते किती, हा प्रश्न उरतोच. किम वॅग्नरसारख्या इतिहासकारांनी ठगीच्या सरकारी चित्राची नव्याने छाननी केली आहे. भवानीच्या नावाने गळे आवळणारा पंथ, हे चित्र तुळजापूरच्या वाचकाला खुपणारच. जबाबांच्या त्या सरकारी कागदांमागे राज्यकर्त्यांची गरजही होती. कादंबरीकाराला मात्र नेमकी ही अविश्वसनीय साक्षच उपयोगी पडली.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार गुन्हेगाराच्या मागे धावतो. टेलर गुन्हेगाराच्या शेजारी बसतो. मराठी रहस्यकथेने ही बैठक फार कमी वेळा घेतली, अशी माझी तक्रार आहे.

१८५३ मध्ये नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि टेलर अधिकारी म्हणून तिथे परतला. किल्ल्यात राहून त्याने १८५७ पर्यंत जिल्हा चालवला. पुढे १८६३ मध्ये तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ लिहिली. तिच्यात भवानीचे देऊळ आहे, अफझलखान आहे, शिवाजी महाराज आहेत. कादंबरी वाचनीय आहे, पण अमीर अलीच्या तोडीचे माणूस टेलरला त्यात उभे करता आले नाही.