प्रक्षेपणाचा पैसा, बदललेला नकाशा

अमेरिकी कॉलेज फुटबॉल : कळीचे टप्पे

● १९८४ : प्रक्षेपणावरची ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची मक्तेदारी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मोडली. हक्क विकण्याची मुभा विद्यापीठे आणि त्यांच्या कॉन्फरन्सना (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांना) मिळाली.

● २०२२ : ‘बिग टेन’ कॉन्फरन्सचा फॉक्स, सीबीएस, एनबीसी या वाहिन्यांशी सुमारे ७ अब्ज डॉलरचा, ७ वर्षांचा करार.

● २०२४ : यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन ही विद्यापीठे ‘पॅक-१२’ ही पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स सोडून ‘बिग टेन’मध्ये दाखल; ‘पॅक-१२’मध्ये उरली दोनच विद्यापीठे. कॅलिफोर्नियातले स्टॅनफर्ड चक्क ‘अटलांटिक कोस्ट’मध्ये.

● प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) : २०१४च्या हंगामापासून ४ संघ, २०२४पासून १२. ईएसपीएनचा २०३१-३२पर्यंतचा करार ७.८ अब्ज डॉलरचा.

● झळ कोणाला? कॉन्फरन्स बदलल्याने लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाही आता सामन्यांसाठी देश ओलांडावा लागतो. अभ्यासाचे तास प्रवासात जातात. करार करताना या विद्यार्थ्यांचा विचार आधी व्हायला हवा.