वस्तीची गाडी आणि काजऱ्याची बी

अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीतलं विष कोकणात, लांज्याच्या रानात झाडाला लागतं. झाडाचं नाव काजरा. फळ पिकलं की नारिंगी होतं, इतकं देखणं की लहान मूल हात पुढे करेल. फोडलं तर आत पांढुरका गर आणि त्यात चपट्या, गोल, राखाडी बिया, कोटाच्या बटणासारख्या, वर बारीक रेशमी लव. ककणेर पक्षी गर खातो आणि त्याला काही होत नाही. बीमध्ये मात्र स्ट्रिक्नीन असतं. वैद्य यालाच कुचला म्हणतात, आणि शोधन केल्याशिवाय तो औषधात घालत नाहीत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ख्रिस्ती टॉर्कीच्या इस्पितळात आधी रुग्णसेवा करत होती आणि नंतर औषधं तयार करायच्या विभागात लागली. बाटल्या, मापं आणि विषांच्या कुलूपबंद कपाटाजवळच तिला पहिली कादंबरी सुचली. ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ 1920 मध्ये आली. पुढे औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने कादंबरीतल्या विषाच्या अचूक वापराची तारीफ केली, आणि ख्रिस्तीला त्या परीक्षणाचं फार अप्रूप होतं. विष नेमकं कसं पोटात गेलं ते इथे सांगत नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी ती वाचावी.

मी दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहितो आणि माझ्या बहुतेक कथा लांज्यात किंवा आजूबाजूच्या वाड्यांवर घडतात. वाचक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खुनी कोण हे आधी ठरवता की शेवटी? खरी मेहनत भलतीकडेच असते. मुंबईत माणूस गर्दीत हरवतो. लांज्यात बाजारपेठेतून कोण कुठल्या पिशवीत काय घेऊन गेलं हे संध्याकाळपर्यंत तीन वाड्यांना कळलेलं असतं. जिथे सगळ्यांना सगळं दिसतं तिथे एखादी गोष्ट लपली कशी, एवढं बसवण्यातच माझे पावसाळ्याचे महिने जातात.

पावसाळ्याचे म्हणतो, कारण दिवाळी अंकाची कथा संपादकाच्या हातात श्रावण-भाद्रपदात पडावी लागते. कोकणातल्या रहस्यकथांत इतका पाऊस का पडतो, याचं हे एक साधं कारण. आणि लांज्याचा पाऊस हा लेखकापुढचा मोठाच पेच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, रात्रीतून अंगण धुऊन निघतं, पावलांचे ठसे ही कल्पनाच बाद होते. होम्स चिखलाच्या रंगावरून माणूस लंडनच्या कुठल्या भागातून आला ते सांगायचा. इथे जांभ्याची तांबडी माती सगळ्यांच्याच पायाला. एका कथेत मी याचाच उलटा उपयोग केला. पूर्वेला सह्याद्रीच्या कड्याकडे, माचाळच्या बाजूला, काळा पाषाण आहे. तिकडून उतरलेल्या माणसाच्या चपलेच्या खाचेत वेगळा खडा सापडतो, आणि तो ओळखतो कोण, तर जांभ्याच्या खाणीवर चिरे काढणारा कामगार.

नवशिक्या लेखकाला मी पहिला सल्ला देतो तो एसटीच्या कंडक्टरशी मैत्री करण्याचा. लांज्याच्या स्टँडवरून संध्याकाळी सुटणाऱ्या काही गाड्या ‘वस्तीच्या’. गाडी शेवटच्या गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे तीच गाडी परत येते. रहस्यकथेच्या नजरेतून पाहा. रोज रात्री गावात दोन परकी माणसं असतात, बहुतेक वेळा ठरावीकच, आणि ती गावच्या भानगडीत नसतात. गाडी गेल्यावर सकाळपर्यंत बाहेर पडायचं तर स्वतःचं वाहन हवं, आणि रात्री मोटरसायकल चालू केली की आख्खी वाडी कूस बदलते. ख्रिस्तीला बर्फाने अडवलेली आगगाडी लागली. आमच्याकडे वस्तीची गाडी गेली की गाव बंद.

एका निवृत्त कंडक्टरकाकांना मी तिकिटाबद्दल विचारत होतो. मला वाटलेलं, मशीनच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, म्हणजे पुरावा पक्का. काका म्हणाले, “तिकीट खिशात ठेवून शेतात राबलास तर चार दिवसांनी कागद कोरा. पण तिकीट कशाला पायजे? कोण कुठे चढला ते कंडक्टरला आठवतं. सुटे नसलेला माणूस तर जन्मभर आठवतो.” त्या वाक्यावर माझी एक आख्खी कथा उभी राहिली. संशयिताने पाचशेची नोट काढली होती, एवढंच.

रेल्वेचाही कथेला असाच उपयोग होतो. लांजा गावात स्टेशन नाही. तालुक्यात आडवली आणि विलवडे ही स्टेशनं आहेत. कोकण रेल्वे या पट्ट्यात एकेरी मार्गाची, त्यामुळे एक गाडी स्टेशनात थांबवून दुसरी काढावी लागते. ‘4.50 फ्रॉम पॅडिंग्टन’ ही ख्रिस्तीची 1957 ची कादंबरी शेजारून धावणाऱ्या गाडीच्या खिडकीत दिसलेल्या खुनाने सुरू होते. आमच्या क्रॉसिंगला पॅसेंजर ताटकळत उभी असते आणि शेजारून एक्स्प्रेस जाते, तेव्हा ती कादंबरी आठवल्याशिवाय मला राहवत नाही. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग उतरतो, वेळा बदलतात. मे महिन्यात अशक्य असलेला प्रवास जुलैत शक्य होतो, किंवा उलट. कथेचा महिना मी याच हिशेबाने ठरवतो.

आता खुनाचं कारण. इंग्रजी रहस्यकथांत मोठ्या वाड्यावर पाहुणे जमतात आणि सकाळी कुणीतरी मेलेलं सापडतं. मराठी लेखकाला असा वाडा उसना आणायची गरज नाही. भाद्रपदात गणपतीला मुंबई, ठाणे, नालासोपाऱ्याहून चाकरमानी येतात. चार भावांची कुटुंबं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आत्या, सगळे एका छपराखाली. आरतीला सगळे एका सुरात असतात. आणि त्याच घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सातबारा असतो. पणजोबांपासूनची नावं, सामाईक क्षेत्र, वाटप झालेलंच नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली, मोबदला आला आणि पिढ्यान्‌पिढ्या न बोललेले शब्द घराघरांत बोलले गेले. नाव कुणाचं, हिस्सा कुणाचा, बहिणीने हक्कसोड दिली होती की नाही.

हे हक्कसोडपत्र माझ्या लेखी कोकणातल्या रहस्यकथेची किल्ली आहे. त्याची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, त्यावर तारीख असते, साक्षीदार असतात. पुढे फेरफाराची नोंद धरली जाते, नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस वाचतो कोण? मुंबईच्या बहिणीला ती दिसत नाही. गावात असतात ते सगळे समोरून जातात, कुणी थांबत नाही. मी माझ्या शोधक बाईला तिथे थांबवलं.

ती आशा सेविका आहे. हे पात्र एका आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसून ऐकलेल्या गप्पांतून आलं. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुणाला कुठली गोळी चालू आहे, कोणती सून माहेरून परतलेली नाही, हे तिला कामाचा भाग म्हणून ठाऊक असतं. म्हाताऱ्या माणसाचं खाण्यापिण्याचं वेळापत्रकही माहीत असतं. वृद्ध आत्याबाईंच्या काढ्यात काय होतं, हा प्रश्न पोलिसांच्या आधी तिला पडतो, कारण आत्याबाई कडू काही घेतच नाहीत हे तिला पक्कं माहीत आहे आणि काजऱ्याच्या विषाची चव अतिशय कडू. आपल्या म्हाताऱ्या शोधक बाईची, मिस मार्पलची, कल्पना ख्रिस्तीला आजीच्या ईलिंगमधल्या म्हाताऱ्या मैत्रिणींवरून आली होती. 1930 साली ‘मर्डर ॲट द व्हिकरेज’मध्ये ती पहिल्यांदा पूर्ण कादंबरीभर वावरली. सेंट मेरी मीड या आपल्या गावात बसून, विणता विणता, माणसाच्या स्वभावाचा अंदाज ती गावातल्याच दुसऱ्या एखाद्या माणसावरून बांधायची. आमची आशाताईही तेच करते. फक्त तिला बसायला वेळ नसतो.

आशाताईच्या जोडीला मी पोलीस पाटील घेतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 खाली नेमलेला. हा माणूस गावातलाच, मानधनावर, शेती सांभाळून काम करणारा. गावात संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला खबर देण्याची जबाबदारी त्याची. एका पोलीस पाटलांनी मला कथेचं हस्तलिखित वाचून शांतपणे सांगितलं, “गुन्हा लगेच दाखल नाही होत हो. आधी अकस्मात मृत्यूची नोंद. मग पंचनामा. मग शवविच्छेदन. व्हिसेरा राखून ठेवतात. अहवाल यायला वेळ जातो.” हा मधला वेळ रहस्यकथाकाराला सोन्याचा. कागदावर अजून खून झालेलाच नाही, पोलिसांना घाई नाही, आणि नेमक्या त्या दिवसांत हौशी शोधकाला दार उघडं असतं. शहरातल्या कथेत खासगी गुप्तहेर तपासात कसा शिरतो हे पटवताना लेखकाची दमछाक होते. इथे कायद्यानेच जागा करून दिली आहे. कलमाचं भान मात्र ठेवावं लागतं: 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 174 ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 194 आलं. कथेचं साल कोणतं, त्यावर पंचनाम्याचं कलम ठरतं, आणि चाणाक्ष वाचक ते पाहतात.

मराठी रहस्यकथेचा मोठा इतिहास शहरात घडला. बाबूराव अर्नाळकरांच्या 1936 ते 1984 या काळात पुस्तकरूपाने आलेल्या 1092 लघु रहस्यकथांची नोंद गिनेस बुकाने घेतली. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी कितीतरी मुलांना वाचनाची चटक लावली, आणि ते ऋण मी मनापासून मानतो. पण माझ्या मनात पहिला खरा हौशी शोधक म्हणजे भा. रा. भागवतांचा बनेश, फुरसुंगीचा फेणे. पुण्याच्या शाळेत शिकणारा, सायकलवरचा, अंगापिंडाने किरकोळ, आणि डोळे उघडे ठेवणारा. 2017 साली त्याच्यावर चित्रपट निघाला तेव्हा पडद्यावर खुद्द भागवत हे पात्र होतं, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. लेखकाला त्याच्या नायकाच्या शेजारी उभं केलेलं पाहून मी फार सुखावलो.

शहराबाहेरच्या रहस्यकथेचा दाखला बंगालीतला, पण मुक्काम आपल्याकडचा. शोधक ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले, 1952 पासून पुण्यात राहिले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कथा पुण्यातल्या घरी लिहिल्या गेल्या. ‘शैलरहस्य’ तर चक्क महाबळेश्वरच्या एका हॉटेलात घडते, थंडीत ओस पडलेल्या. बंगालचा लेखक सह्याद्रीच्या लहान गावात गूढ शोधतो, मग आपण का नाही?

संपादकांशी माझा वाद होतो तो गावाच्या नावावरून. त्यांना वाटतं, लांज्यातलं खरं गाव द्यावं, वाचकाला ओळखीचं वाटेल. मी ठाम नकार देतो. कोकणात आडनाव आणि वाडी सांगितली की घर सांगितल्यासारखंच. अमुकवाडीतल्या अमुक आडनावाच्या घरात विषप्रयोग झाला असं छापलं तर त्या आडनावाचं खरं कुटुंब शिमग्याच्या पालखीला तोंड कसं दाखवेल? म्हणून भांबेड, प्रभानवल्ली, साटवली, कोट ही गावं माझ्या कथांत फक्त रस्त्यात लागतात. घटना घडते ती माझ्या गावात. त्याचा नकाशा माझ्या वहीत आहे: सात वाड्या, एक सहाण, दोन पऱ्हे, चावडी, उपकेंद्र, आणि देवराईच्या कडेला काजऱ्याची दोन झाडं. आडनावं मी मुद्दाम घाटावरची घेतो. लांज्यातले वाचक तरीही विचारतातच, “हे आमच्या शेजारचंच ना?” मी नाही म्हणतो, आणि पुढच्या कथेसाठी त्यांनी काय सांगितलं ते घरी येऊन वहीत उतरवतो.